जुने सर्व्हो, नवा रेडिओ

नळदुर्ग, ता. तुळजापूर
१२ डिसेंबर

चि. प्रथमेश यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो मोठा करून बघितला. थोरल्या मामाने शारजाहून येताना आणलेला तोच तो डबा. फुटाबाचे एस१४८ लगेच ओळखू आले, दोन सान्वाचे दिसतात, आणि कोपऱ्यात चार तारांचा एक जाडजूड नग आहे, त्याच्यावरचं नाव पुसलं गेलंय. तुझा प्रश्न असा, की कॉलेजच्या विमानाला नवा फ्लायस्कायचा सेट घेतलाय, त्याच्यावर हे चालतील का. तुझा एक मित्र म्हणतो भंगारात दे. दुसरा म्हणतो जुना जपानी माल आहे, डोळे मिटून लाव. दोघांनीही एकही सर्व्हो उघडून बघितलेला नसणार. माझं मत असं, की यातला प्रत्येक नग वेगळा तपासायचा आणि तो विमानात कुठे बसवायचा, किंवा बसवायचाच नाही, हे तपासल्यावर ठरवायचं. व्हॉट्सॲपवर एवढं बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

आधी हे समजून घे, की इतका जुना माल नव्या रेडिओवर चालू शकतो तरी कसा. हवेतून जाणारा भाग पूर्ण बदलला. २७ आणि ७२ मेगाहर्ट्झच्या हातभर लांब काठ्या गेल्या, २.४ गिगाहर्ट्झची बोटभर एरियल आली. पण रिसीव्हरपासून सर्व्होपर्यंतचा वीतभर तारेतला व्यवहार तोच राहिला. दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स, त्याची रुंदी साधारण १ ते २ मिलिसेकंद, आणि दीडला सर्व्हो मध्यावर. सर्व्होच्या आत सिग्नेटिक्सची एनई५४४ किंवा मित्सुबिशीची एम५१६६०एल अशा जातीची चिप असते. ती आतल्या पॉटची स्थिती बघून स्वतःचा एक पल्स तयार करते आणि आलेल्या पल्सशी ताडून पाहते. जितका फरक, तितकी मोटर फिरते. मोटरबरोबर गिअर, गिअरबरोबर पॉट, आणि फरक मिटला की सगळं थांबतं. हे सेकंदाला ५० वेळा. हा व्यवहार ज्यांनी बसवला त्यांनी तो इतका साधा ठेवला, की त्यानंतर कुणाला तो मोडावासा वाटला नाही.

आता तारा. फुटाबाच्या काळी-लाल-पांढरी, जेआरच्या तपकिरी-लाल-नारिंगी, हायटेकच्या काळी-लाल-पिवळी. तिन्हीत प्लस मधे असतो. म्हणून या प्लगांपैकी एखादा उलटा लागला तरी सर्व्हो फक्त गप्प बसतो, जळत नाही. फुटाबाच्या प्लगला कडेला एक कान असतो. तुझ्या रिसीव्हरमध्ये तो अडत असेल तर ब्लेडने तासून टाक, आतल्या पिना सारख्याच आहेत. सान्वाचं मात्र तसं नाही. सान्वाचे आणि अमेरिकेत एअरट्रॉनिक्स नावाने विकले गेलेले जुने सर्व्हो घे, त्यांच्यात प्लस आणि मायनसच्या जागा आजच्या रिसीव्हरच्या नेमक्या उलट असायच्या. असा नग सरळ खोचलास तर त्याला उलटा करंट मिळतो आणि चिप जाते. प्लगच्या आकारावरून हे कळत नाही. खालचे चार स्क्रू काढ, तारा बोर्डावर कुठे डाग दिलेल्या आहेत ते बघ आणि तिथून प्लगपर्यंत मल्टिमीटरची बीप लावून नक्की कर. उलट निघाल्या तर टाचणीने प्लगची प्लॅस्टिकची जीभ उचल, पिन बाहेर येते. जागा बदलून पुन्हा बसव. त्यानंतर त्या प्लगला रंगीत टेप गुंडाळ, म्हणजे पुढच्या माणसाला कळेल.

तो चार तारांचा नग बाजूलाच ठेव. त्या पिढीच्या सर्व्होत मोटर दोन्ही दिशांना फिरवायला आजच्यासारखा चार ट्रान्झिस्टरचा पूल नव्हता. चार सेलच्या पॅकमधून मधली एक तार काढायची आणि अलीकडचे २.४ व्होल्ट एका दिशेला, पलीकडचे दुसऱ्या दिशेला वापरायचे, अशी रचना होती. चौथी तार ती. तुझ्या रिसीव्हरमध्ये अशी मधली तार नाही आणि तिच्यासाठी खटाटोप करण्यात अर्थ नाही. वर्गात दाखवायला ठेव. सरांना आवडेल.

व्होल्टेजचं लवकर सांगून टाकतो. हे सर्व्हो चार निकेल-कॅडमियम सेलसाठी बनलेले, म्हणजे ४.८ व्होल्ट, फार तर पाच सेलचे ६. तुमच्याकडे हल्ली दोन सेलची लिपो सरळ रिसीव्हरला लावतात, कारण नवे सर्व्हो 'एचव्ही' असतात. ती पूर्ण चार्ज झाली की ८.४ व्होल्ट देते. डब्यातल्या एकाही नगाला ते लावू नकोस. ५ व्होल्टचा बीईसी, म्हणजे रिसीव्हरला ठरावीक व्होल्टेज देणारा रेग्युलेटर, घे, आणि त्याच्यावर ५, ६, ७.४ असा जम्पर असेल तर तो कुठे आहे ते आधी मीटरने मोजून बघ, छापलेल्या खुणेवर जाऊ नकोस.

आता ज्या ठिकाणी पोरं हमखास अडकतात तिथे येतो. तार बरोबर, व्होल्टेज बरोबर, तरी जुना सर्व्हो थरथरतो, नाहीतर हलतच नाही. तोच सर्व्हो सर्व्हो-टेस्टरवर लावला की सुरळीत चालतो. मग रिसीव्हर बिघडला म्हणून परत पाठवायची तयारी होते. रिसीव्हरला काही झालेलं नसतं. २.४ च्या रिसीव्हरमधला प्रोसेसर बहुतेक ३.३ व्होल्टवर चालतो. रिसीव्हरला तू ५ दिलेस तरी आत तो ते ३.३ वर आणतो, आणि सर्व्होला जाणारा पल्सही तेवढ्याच उंचीचा निघतो. जुन्या रिसीव्हरचा पल्स बॅटरीच्या जवळपास उंच असायचा, आणि काही जुन्या सर्व्होंची आतली मांडणी तशाच उंच पल्सवर बेतलेली आहे. ३.३ चा पल्स त्यांच्या उंबरठ्याशी येऊन थबकतो. कधी आत, कधी बाहेर. त्यालाच आपण थरथर म्हणतो. काही नग ४.८ वर बरे चालतात आणि ६ दिले की बिघडतात, कारण पुरवठ्याबरोबर त्यांचा उंबरठाही वर सरकतो. जास्त व्होल्टने जास्त जोर येईल म्हणून व्होल्टेज वाढवणाऱ्याला हे उलटं वाटतं.

हे ओळखायला सीआरओच लागतो असं नाही. साध्या मल्टिमीटरने अंदाज येतो. स्टिक मध्यावर ठेव, मीटर डीसी व्होल्टवर लाव आणि सिग्नल व मायनस यांच्यात मोज. मीटर सरासरी दाखवतो. २० मिलिसेकंदांत दीड मिलिसेकंद पल्स, म्हणजे साडेसात टक्के. ३.३ चा पल्स असेल तर साधारण पाव व्होल्ट दिसेल, ५ चा असेल तर ०.३७ च्या आसपास. रिसीव्हर ५० हर्ट्झवर असेल तरच हा हिशोब लागू पडतो, हे विसरू नकोस.

उपाय स्वस्त आहे. ७४एचसीटी१२५ ही चिप आण, पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर सहज मिळेल, तुमच्या लॅबच्या ड्रॉवरमध्येही असेल. तिच्यात चार बफर असतात, म्हणजे चार चॅनेल झाले. अक्षरं नीट वाचून घे: एचसीटी. नुसती एचसी चालणार नाही. एचसीला ५ व्होल्टवर साधारण साडेतीन व्होल्ट लागतात तेव्हा ती 'हाय' मानते, म्हणजे तीच अडचण पुन्हा. एचसीटीला २ व्होल्ट पुरतात आणि बाहेर ती जवळपास पूर्ण ५ देते. चारही एनेबल पिना मायनसला, वापरात नसलेले इनपुटही मायनसला, आणि चिपच्या अगदी अंगाशी ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर. या चिपला ४.५ ते ५.५ व्होल्टच चालतात, तेव्हा ती ६ व्होल्टच्या पॅकवर कधीही लावू नकोस. ५ च्या बीईसीचा आग्रह मी यासाठीही धरतो.

पुढची गोष्ट वेगाची. नव्या रेडिओला घाई फार. डिजिटल सर्व्होंसाठी पल्स दर ११, ७, कधी ३ मिलिसेकंदांनी पाठवायची सोय असते. तुझ्या डब्यातले सगळे ॲनालॉग आहेत. २० मिलिसेकंदांत एकदा ढकला मिळेल असं धरून त्यांच्यात मोटर फिरवायचा वेळ ताणून घेतलेला असतो. ढकले सहापट आले की मोटर सुटत नाही, गुणगुणत राहते आणि तापते. फुटाबाच्या नव्या सेटमध्ये हाय-स्पीड मोड फक्त डिजिटलसाठी आहे, स्पेक्ट्रममध्ये ११ आणि २२ मिलिसेकंद असे दोन पर्याय येतात. तुझ्या सेटच्या मेन्यूत सर्व्होची फ्रिक्वेन्सी निवडता येत असेल तर ५० हर्ट्झ, दुसरं काही नको. मधे फ्लाइट कंट्रोलर घालणार असशील तर त्याच्यातही हेच तपास. आणि नुसता एसबस किंवा आयबस देणारा बारका रिसीव्हर घेऊ नकोस. त्यावर सगळे चॅनेल एकाच तारेतून आकड्यांच्या रूपात येतात, आपल्या सर्व्होला त्यातलं काही कळत नाही. प्रत्येक चॅनेलची वेगळी पिन असलेला रिसीव्हर हवा.

मध्यबिंदूही सगळ्यांचा दीडच असतो असं नाही. फुटाबाचा १५२० मायक्रोसेकंद, तो फरक जाणवत नाही. पण फुटाबाचे फार जुने नग १३१० चे होते, जर्मन मल्टिप्लेक्सचे १६०० चे. सर्व्हो सुरू होताच एका बाजूला झुकला तर आधी हॉर्न काढून एक दात सरकवून लाव, उरलेला फरक सबट्रिमने काढ. सगळा भार सबट्रिमवर टाकलास तर एका बाजूची हालचाल आखूड पडते. हॉर्न बदलायचा झाला तर दात मोजून घे: फुटाबाला २५, हायटेकला २४, जेआरला २३. एकाचा दुसऱ्यावर दाबून बसवला तर बसल्यासारखा वाटतो आणि हवेत सुटतो. एंडपॉइंट सुरुवातीला ८० टक्क्यांवर ठेव आणि हळूहळू वाढव. नवे सेट १५० टक्क्यांपर्यंत देतात, जुन्याचा गिअर त्याआधीच अडणीला टेकतो आणि मोटर अडून करंट खात बसते. आर्डुइनोवर तपासणार असशील तर तिथेही हाच धोका: त्याची सर्व्हो लायब्ररी मुळात ५४४ ते २४०० मायक्रोसेकंदांपर्यंत जाते. शून्य ते १८० अंश अशी आज्ञा न देता मायक्रोसेकंदांत दे, १००० ते २००० च्या आत.

आता पुरवठ्याचा मुद्दा, यात विमानं पडतात. जुन्या मोटरला गिअर जड झाले, ग्रीस वाळलं, की ती अडताना बराच करंट ओढते. एस१४८ सारख्या नगाला अडल्यावर सुमारे १ अँपिअर धरून चाल. तीन-चार एकदम जोरात हलले तर क्षणभर व्होल्टेज खाली बसतं. पूर्वीच्या साध्या रिसीव्हरला त्याचं फार काही वाटायचं नाही, तो झोके खात चालत राहायचा. आजच्या रिसीव्हरमधला प्रोसेसर ठरावीक व्होल्टेजच्या खाली गेला की बंद पडतो आणि पुन्हा सुरू होऊन ट्रान्समीटरशी जोडायला वेळ घेतो. तेवढ्यात विमान जमिनीवर. मग रेंज गेली असं सगळे म्हणतात. ईएससीमधला लिनिअर बीईसी यासाठी पुरत नाही. तीन सेलची लिपो १२.६ व्होल्टवर, त्यातून ५ केले आणि १ अँपिअर ओढला तर ७.६ वॉट उष्णता त्या एवढ्याशा चिपमध्ये. त्याने तो गरम होऊन स्वतःच बंद होईल. वेगळा स्विचिंग बीईसी घे, ५ व्होल्टचा, तीन अँपिअर सलग देणारा. मीटर हे क्षणाचे खड्डे दाखवत नाही. लॅबमधला सीआरओ रिसीव्हरच्या पुरवठ्यावर लाव, पंखा काढून ठेव, आणि सगळ्या स्टिक एकदम फिरव. साडेचारच्या खाली गेलेलं दिसलं तर ते विमान उडवायचं नाही.

आता आतलं काम, ज्यात माझी हयात गेली. रेडिओचा आवाज वाढवताना खरखरायला लागला की दुकानात येऊन लोक म्हणायचे स्पीकर बदला, आणि असायचा तो व्हॉल्यूम कंट्रोल. सर्व्होतला पॉट तीच वस्तू आहे. कार्बनच्या पट्टीवर फिरणारा एक पातळ हात. विमान बहुतेक वेळ सरळ उडतं, म्हणून पट्टी बरोबर मध्यावरच झिजते, आणि मध्यावरच सर्व्हो भरकटतो. टेस्टरवर अगदी सावकाश, मधल्या पट्ट्यात मागेपुढे फिरव. तिथे दचकत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून दहा-वीस वेळा टोकापासून टोकापर्यंत हलव. दचकणं थांबलं तर ती धूळ होती. राहिलं तर पट्टी गेलेली आहे, तो नग बाद. आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ कशातही शिरते, म्हणून झाकण लावताना फटीवर टेपची एक पट्टी फिरव.

गिअर नायलॉनचे असतील तर भिंगाखाली दातांच्या बुडाशी चीर आहे का बघ. चॉकलेटी झालेलं वाळकं ग्रीस ब्रशने काढून पांढरं सिलिकॉन ग्रीस, तेही थोडंच. काळी तार टोकाशी सोलून बघ. जुने निकेल-कॅडमियम सेल गळाले की त्यांची खार मायनसच्या तारेतून आत चढते आणि तांबं काळं पडतं. त्या काळ्या तारेवर डाग बसत नाही, कितीही फ्लक्स लाव. लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा, नाही दिसलं तर अख्खी तार बदल.

हे सगळं करून जे नग उरतील ते कुठे लावायचे? नाकाच्या चाकाला. इंजिनच्या थ्रॉटलला. बोरी नदीच्या पाण्यात सोडायला बोट केलीस तर तिच्या सुकाणूला, तिथे हे सर्व्हो अजून कित्येक वर्षं चालतील. वजनाचाही विचार कर. एस१४८ साधारण ४४ ग्रॅमचा, तुम्ही पोरं वापरता तो एसजी९० नऊ ग्रॅमचा. चार लावले तर १७६ विरुद्ध ३६. एक किलोच्या विमानात १४० ग्रॅम उगीच वाहायचे नाहीत. पण एसजी९० चा जोर कागदावर ४.८ व्होल्टला १.८ किलोग्रॅम-सेंटिमीटर, एस१४८ चा सुमारे ३, आणि नीट साफ केलेला जुना नग मध्यावर परत येण्यात बाजारातल्या कित्येक नकली 'मेटल गिअर' नगांना हरवतो. नावाची नक्कल छापलेला माल घ्यायचा असेल तर त्यापेक्षा हा डबा बरा, असंही मी म्हणेन. एलिव्हेटर मात्र अपवाद. तो गेला की विमान कुणाच्या हातात राहत नाही.

रिसीव्हरचा फेलसेफ लावून ठेव. सिग्नल गेला की थ्रॉटल शून्यावर आलं पाहिजे. काही रिसीव्हर अशा वेळी पल्सच थांबवतात, मग ॲनालॉग सर्व्हो ढिला पडतो आणि वारा नेईल तिकडे पंख वळतो. पंखा काढून ट्रान्समीटर बंद कर आणि प्रत्येक सर्व्हो काय करतो ते डोळ्यांनी बघ.

डब्याबरोबरचा जुना ट्रान्समीटर सुरू करायचा मोह टाळ. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा सरकारने २००५ साली परवानामुक्त केला, ७२ मेगाहर्ट्झचा नाही. उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्कायचा नकाशा बघ. धाराशिवला धावपट्टी आहे, आणि २०२१ चे ड्रोन नियम तुमच्या विमानालाही लागू होतात. २५० ग्रॅमच्या वरचं यंत्र असेल तर सरांकडून नोंदणीचं विचारून घे. सोयाबीन निघालेल्या रानात जागा मिळते, पण तिकडे वाशी-भूमच्या माळावर जाणार असाल तर पवनचक्क्या आणि त्यांच्या तारा यांच्यापासून लांब. तुळजापुरात किंवा कुठल्याही जत्रेच्या गर्दीवर उडवलंस असं कळलं तर डबा परत घेऊन येईन.

तर असं कर. प्रत्येक सर्व्होला एक नंबर दे आणि वहीत लिही: तारांची जागा, स्थिर असताना किती मिलिअँपिअर, अडल्यावर किती अँपिअर, मध्य किती मायक्रोसेकंद, मध्यावर दचकतो का. ते पान मला पाठव, मग कुठला कुठे ते आपण फोनवर ठरवू. एलिव्हेटरसाठी एक नवा, चांगल्या दुकानातला सर्व्हो घे, त्याचे पैसे मी देतो. पावती मात्र पाठव.

ताईला नमस्कार, दाजींना सप्रेम नमस्कार.

तुझा,
मामा